हात ‘सुटला’ की ‘सोडला’?

धरमपेठेतल्या एका बाबांचा प्रश्न : “मुलाला जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला सोडायला जातो. हाय बारवरच्या (उंच आडव्या दांडीवरच्या) ‘रिलीज’ला मराठीत काय म्हणावं? एके ठिकाणी ‘मुक्ती कौशल्य’ असं वाचलं.”

मुक्तीसाठी आपल्याला रामटेकचा गड आहे, बार त्यासाठी नाही! रिलीज म्हणजे बारवरचा हात सोडून हवेत कसरत करायची आणि बार पुन्हा धरायचा. त्याचं नेमकं क्रियापद तुमच्याच प्रश्नात येऊन गेलंय, ‘सोडणे’.

मराठीत सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे अशा जोड्या आहेत. पहिल्यात गोष्ट आपोआप घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती करतो. जमिनीपासून २.८ मीटर उंचीच्या बारवर हा फरक जिवावरचा. पोराचा हात सरकला की खालून ओरड होते, “अबे, हात सुटून राहिला ना तुझा!” पण ‘कोव्हाच’ नावाची कसरत करणारा हात सोडतो, बारच्या वरून मागे दोन कोलांट्या घेतो आणि तोच बार पुन्हा धरतो. तिथं ‘सुटला’ म्हटलं तर त्याचा अपमानच.

क्रिकेटवाले आक्षेप घेतील की ‘झेल सोडला’ म्हणतात, तो काय मुद्दाम? नाही. पण ‘झेल सुटला’मध्ये फिल्डरला माफी आहे, ‘सोडला’मध्ये ठपका. म्हणजे ‘सोडणे’ हेतूपेक्षा जबाबदारी सांगतं. बारवर हेतूही खेळाडूचा आणि जबाबदारीही त्याचीच.

मात्र नुसतं ‘सोड’ म्हणून भागत नाही. बार पुन्हा धरता आला नाही तर त्या कसरतीची किंमत मिळत नाही, वर पडल्याचा एक पूर्ण गुण कापला जातो. म्हणजे नावात पकडही हवी. आपल्याकडे तयार शब्द होता ‘धरसोड’, पण तो चंचल माणसांनी कधीचाच बळकावला. शिवाय त्याचा क्रम उलटा, शेवट सोडण्यावर. म्हणून माझं मत ‘सोडपकड’. बोलायला सोपा, आणि अनेकवचनही सहज होतं : २०१२ साली लंडन ऑलिंपिकला नेदरलँड्सच्या एपके झोंडरलँडने कॅसिना, कोव्हाच आणि कोलमन या तीन सोडपकडी लागोपाठ जोडल्या आणि सुवर्णपदक नेलं. हे वाक्य ‘मुक्ती कौशल्ये’ घालून म्हणून बघा.

ही तिन्ही खेळाडूंची आडनावं आहेत, अनुक्रमे इटली, हंगेरी आणि स्लोव्हेनियाची. तकाचेव्ह, गिंगर या सोडपकडींची नावंही तशीच. त्यांचं भाषांतर करू नका, फक्त क्रियापद आपलं लावा. कोलांटी मारतात तसा तकाचेव्हही मारायचा. लिंगाची चिंता नको, ‘तो तकाचेव्ह’ कानाला बरा लागतो, मूळ शब्द ‘उडी’ स्त्रीलिंगी असला तरी.

आणि मुलगा घरी येऊन म्हणाला, “बाबा, आज कोव्हाच सुटला,” तर आधी त्याचं कोपर बघा, व्याकरण नंतर.