डॉक्टरांच्या घरातली मुलगी इतिहासाला जाते म्हणते

प्रश्न : मी कराडला प्रॅक्टिस करतो. माझे वडीलही डॉक्टर होते. मुलीला यंदा नीटला चांगले मार्क पडलेत, सरकारी मेडिकलला नंबर लागेल. पण तिला बीएला इतिहास घ्यायचाय आणि पुढे जर्मन-ज्यू संबंधांवर संशोधन करायचंय. फ्रिट्झ स्टर्न या इतिहासकाराच्या आठवणींचं पुस्तक वाचल्यापासून हे डोक्यात बसलंय. यात पोट भरतं का? आपला इतिहास काय कमी आहे? आणि दवाखान्याचं काय करायचं?

उत्तर : डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमच्या मुलीने नेमकं हेच पुस्तक का धरून ठेवलं असेल, याचा मला अंदाज आहे. स्टर्न १९२६ साली ब्रेस्लाऊला जन्मले. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. त्यांचे वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, मागच्या पिढ्याही डॉक्टरांच्याच. घर मूळचं ज्यू, पण मुलाचा बाप्तिस्मा झालेला. हिटलरच्या कायद्यांनी त्यांना पुन्हा ज्यू ठरवलं. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये दवाखाना सोडून हे कुटुंब अमेरिकेला निघालं, तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता.

न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकताना तुमच्या घरात आज आहे तोच पेच त्याच्यापुढेही होता, वैद्यक की इतिहास? त्याने थेट आइन्स्टाइनना विचारलं. ते म्हणाले, यात काय अवघड आहे? वैद्यक हे शास्त्र आहे, इतिहास नाही, तेव्हा वैद्यकच घे. मुलाने ऐकलं नाही. पुढे १९९९ साली त्याच आइन्स्टाइनवर आणि स्वतःचे गॉडफादर (बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता), रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांच्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. मुलीने ही गोष्ट तुम्हाला ऐकवलीच असेल. पण एवढ्यावरून 'जाऊ द्या तिला' असं मी म्हणणार नाही. आइन्स्टाइनचं न ऐकलेले सगळेच काही स्टर्न होत नाहीत.

मी बघतो ते वेगळं. स्टर्न यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'गोल्ड अँड आयर्न', १९७७ सालचं. प्रशियाचा पंतप्रधान आणि पुढे जर्मनीचा चॅन्सलर झालेला बिस्मार्क आणि त्याचा ज्यू बँकर ब्लाइशरोडर यांच्यावर. ते लिहायला जवळपास सोळा वर्षं लागली. सोळा वर्षं हा माणूस हजारो पत्रं वाचत होता. १८६५ साली प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारने कोलोन-मिंडन रेल्वेतले आपले हक्क विकून पैसा उभा केला. संसद पैसे देत नसताना पुढच्याच वर्षीच्या युद्धासाठी तो कामी आला आणि तो व्यवहार जमवण्यात ब्लाइशरोडरचा हात होता. १८७२ साली त्याला धर्म न बदलता उमरावपद मिळालं. एवढं करून बिस्मार्कने आपल्या आठवणींत त्याचा जेमतेम उल्लेख केला. ज्या माणसाला गाळलं गेलं, तो पत्रांमधून परत उभा राहिला. दोन समाजांचं नातं कसं होतं, गरज किती आणि मान किती, हे भाषणांत सापडत नाही, असल्या पत्रांत सापडतं.

म्हणून मुलीला मार्क किती पडले, यापेक्षा तिला कागदांपाशी बसता येतं का, ते मला महत्त्वाचं वाटतं. आणि हे कागद जर्मनमध्ये आहेत, तेही छापील जर्मनमध्ये नाहीत. जुनी हस्तलिखितं कुरेंट लिपीत आहेत. आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच तिथे कुरेंटचं. आजीचं पत्र आजच्या जर्मन नातवालाही वाचता येत नाही. माझ्याकडे आलेली एक हुशार मुलगी पुराभिलेखागारात, म्हणजे जुने कागद जपतात तिथे, चार दिवसांत कंटाळली. आज ती पत्रकारितेत मजेत आहे. तिला वेळेवर कळलं, हे चांगलंच झालं.

आता पोटाचं. खरं सांगतो, जागा थोड्या आहेत आणि रस्ता लांब आहे. बीए, एमए, पीएचडी धरून दहा वर्षं सहज जातात. स्टर्न यांनीही सोळा वर्षं नुसतं पुस्तक लिहिलं नाही, आयुष्यभर कोलंबियात शिकवलं. त्या पगारावर संशोधन झालं. आपल्याकडेही नेट-सेट काढून प्राध्यापकी हाच मुख्य आधार. पण या मुलीच्या हाती जर्मन भाषा असेल. ती बी-टू, सी-वन या वरच्या पातळ्यांपर्यंत नेली तर भाषांतर, शिकवणं, कंपन्यांमधलं काम यातून घर चालतं. नुसता इतिहास घेणाऱ्या मुलांना मी इतक्या खात्रीने हे सांगत नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे साधारण बारा हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या डाड (DAAD) या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली तर तो भार उतरतो. म्युनिकला ज्यू इतिहासाचं स्वतंत्र अध्यासन आहे, हॅम्बुर्गला जर्मन ज्यूंच्या इतिहासाचीच संस्था आहे. एमएला तिकडे जाता येईल, आत्ता घाई नको.

'आपला इतिहास कमी आहे का' हा प्रश्न तुम्ही रागाने विचारलात, पण प्रश्न चांगला आहे. हिटलरपासून पळालेले काही ज्यू १९३३ नंतर मुंबईला आले. त्यांना मदत करायला १९३४ साली मुंबईत ज्युइश रिलीफ असोसिएशन निघाली. १९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश सरकारने यातल्या अनेकांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून अडकवलं. काहींना पुरंदरवर ठेवलं. ज्यांच्यापासून पळून आले, त्यांच्याच देशाचे म्हणून डांबले गेले! मराठी, इंग्रजी आणि जर्मन या तिन्ही भाषा वाचणारा माणूस या विषयाला हवाच आहे. बर्लिनच्या विद्यार्थ्याला पुरंदर नकाशावर शोधावा लागेल. तुमची मुलगी रविवारी एसटीने जाऊन येईल.

दवाखान्याबद्दल मी काय बोलू? वडिलांनी उभा केलेला दवाखाना बंद होईल ही धास्ती खरी आहे. फक्त ती मुलीला 'करिअर नाही' या शब्दांत सांगू नका. दवाखान्याचं दुःख म्हणूनच सांगा. तिला कळेल.

माझा सल्ला एका वर्षापुरता आहे. तिला पुण्याला बीएला घाला. सोबत मॅक्सम्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन सुरू करू द्या. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस मुंबईला, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात बसू द्या. परवानगीसाठी कॉलेजचं पत्र लागतं, ते आधीच घ्या. परत आल्यावर 'आवडलं का' असं विचारू नका. कुठला कागद वाचलास, तो कुणी कुणाला लिहिला होता, असं विचारा. ती थांबता थांबेना झाली तर दुसऱ्या वर्षाची फी भरा. गप्प राहिली तर नीट पुढच्या वर्षी पुन्हा देता येते.

दिवाळीनंतर तिला घेऊन या. मोडी वाचणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर तोवर घरातले जुने कागदही तिच्या हाती द्या.