मोठ्या छिद्रांचा झिओलाइट करायचाय, पण तो उत्प्रेरक म्हणून टिकेल का?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी जर्मेनियमवाला, मोठ्या छिद्रांचा झिओलाइट (सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन अशा अणूंच्या चौकटीचा, बारीक छिद्रांचा स्फटिक) करावा का, असं तुम्ही विचारलंय. होईल तयार. टिकण्याचं मात्र अवघड आहे, त्यात तुम्हीही बडोद्याचेच, म्हणजे पावसाळ्यातल्या दमट हवेशी गाठ.

जर्मेनियममुळे चौकटीत चार-चार अणूंच्या दोन कड्या जोडून झालेले चिमुकले घन सहज बसतात, आणि अशा घनांमुळे छिद्रं ऐसपैस होतात. आयटीक्यू-37 या जर्मेनियमवाल्या झिओलाइटमध्ये तर छिद्राभोवती 30 अणूंची कडी आहे! टेम्प्लेट, म्हणजे ज्याच्याभोवती चौकट घडते तो सेंद्रिय रेणू, आत आहे तोवर सगळं ठीक. 550 अंशांना ते जाळलंत की पोकळ्या रिकाम्या होतात, पूड हवेतली वाफ ओढते आणि पाणी नेमका जर्मेनियम-ऑक्सिजनचा बंध तोडतं. श्रावणात आपल्याकडे डेसिकेटरमधले (नमुने कोरडे ठेवायच्या भांड्यातले) ओलावा शोषणारे निळे दाणे बघता बघता गुलाबी होतात, तिथे या पुडीचा काय निभाव लागणार? एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासतात त्या चाचणीत) टोकदार शिखरं जाऊन बसका फुगवटा दिसला की चौकट गेली. जर्मेनियम काढून त्या जागी सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियम बसवता येतं, पण ते टेम्प्लेट जाळण्याआधी की नंतर, आम्ल किती, यावर सगळा खेळ. शिवाय जर्मेनियम महाग.

क्रॅकिंगला, म्हणजे तेलातले जड रेणू तोडायला, उत्प्रेरक वापरायचा तर खरा कस लागतो तो रीजनरेटरमध्ये, जिथे वापरलेला उत्प्रेरक पुन्हा ताजा करतात. त्यावर साचलेला कोक (कार्बनचा थर) जाळताना 700 अंशांच्या आसपास तापमान, वर पाण्याची वाफ. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीसारख्या ठिकाणी एफसीसीत (क्रॅकिंगच्या युनिटमध्ये) चालतो तो वाय झिओलाइट: 12 अणूंची कडी, छिद्र साधारण 7.4 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). तोही कच्चा नाही चालत. सोडियम काढून अमोनियम घालतात, मग मुद्दाम वाफेत तापवतात. थोडं ॲल्युमिनियम चौकटीतून निघतं, रिकाम्या जागा सिलिकॉन भरतं, जाळी किंचित आकसते आणि मजबूत होते. हाच अल्ट्रास्टेबल वाय. जाता जाता काही मोठी भगदाडंही पडतात, जड रेणूंना ती सोयीचीच. आम्लकेंद्रं, म्हणजे जिथे अभिक्रिया घडते त्या आम्लधर्मी जागा, मात्र कमी होतात.

जर्मेनियमशिवायही रस्ता आहे. 2021मध्ये झिओ-1 हा झिओलाइट आला: 16 अणूंची कडी, 1000 अंशांपर्यंत तग धरणारा. त्याचं फॉस्फोनियम (फॉस्फरसवालं) टेम्प्लेट तुमच्या बजेटमध्ये बसेल असं मला वाटत नाही.

माझं ऐकाल तर अमोनियम-वाय घ्या, वेगवेगळ्या तापमानांना वाफ द्या, दर वेळी एक्सआरडी आणि आम्लता मोजा. आणि तुमचा अभिक्रियेतला रेणू केवढा आहे ते इथे लिहा. तो 7.4 अँगस्ट्रॉममधून जात असेल, तर जर्मेनियमच्या वाटेला जायचं कारणच नाही.