एकटीने मोठ्या शहरात जाताना : स्प्रेच्या आधीच्या गोष्टी

तुझा प्रश्न थोडक्यात असा : पहिल्यांदाच एकटी निघाली आहेस, कामासाठी आठवडाभर राहायचं आहे, गाडी रात्री अकरानंतर पोचते, तिथे ओळखीचं कुणी नाही. घरचे रोज एक नवी बातमी वाचून दाखवतायत. पेपर स्प्रे घेऊ का, आणि घरच्यांना काय सांगू? वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, चालवून घे.

स्प्रेचं आधी उरकते. बंद गाडीत मारलास तर अंगावर येणाऱ्यासोबत तूही डोळे चोळत बसशील, आणि वारा उलटा असला तर बहुधा एकटी तूच. विमानात हातातल्या सामानातून तो नेता येत नाही. काही देशांत नुसता बाळगणंही गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये तो बंदी असलेल्या शस्त्रांत मोडतो. डबीवर मुदत छापलेली असते, ती कुणी बघत नाही. आणि बहुतेक जणींचा स्प्रे पर्सच्या तळाशी, रुमाल-चाव्यांच्या खाली असतो. घ्यायचाच तर तिथला कायदा बघून घे आणि हाताशी ठेव. त्यापेक्षा पिन ओढली की कर्कश वाजणारा छोटा अलार्म मला बरा वाटतो. तो उलटत नाही आणि सहसा कुणी जप्तही करत नाही.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते एकट्या बाईचा घात अंधारापेक्षा भीड जास्त करते. ‘भीड ही भिकेची बहीण’ हे आपण पैशाच्या बाबतीत म्हणतो, पण प्रवासात ते जास्त लागू पडतं. शेजारचा माणूस विचारतो, “एकट्याच का? कुठे उतरणार? हॉटेल कुठलं?” आणि आपण उत्तरं देत जातो, कारण गप्प बसणं उद्धटपणाचं वाटतं. इथे बिनदिक्कत खोटं बोल. “भाऊ घ्यायला येतोय” एवढं पुरे. आणि एक खूण लक्षात ठेव : साध्या गोष्टीला दिलेला नकार जो मानत नाही, तो मोठ्या गोष्टीलाही मानणार नाही. बॅग उचलू का? नको. अहो द्या हो. नको म्हटलं ना. तरी हात पुढे आलाच, तर तिथून ऊठ आणि जागा बदल. तो सज्जन निघाला तर त्याला चार मिनिटं वाईट वाटेल, वाटू दे.

मदत लागली तर माणूस तू निवड. गर्दीतून तू स्वतः हेरलेली, मुलं घेऊन चाललेली बाई, तिकीट तपासनीस किंवा दुकानातली काउंटरवरची मुलगी वाईट हेतूची निघण्याची शक्यता फार कमी असते. जो आपणहून तुझ्याकडे चालत आला, त्याने तुला हेरलेलं असतं. तो भलाही असेल, पण निवड त्याची होती, तुझी नव्हे.

रात्रीच्या पोचण्याबद्दल : जमत असेल तर दिवसा पोचणारी गाडी घे, थोडे पैसे जास्त गेले तरी. नाहीच जमलं तर स्टेशनच्या आत असतानाच सगळं ठरव. स्वच्छतागृह, पाणी, मोबाइलचं चार्जिंग, गाडीचं बुकिंग, सगळं आतच. बाहेर फुटपाथवर सामान पायाशी ठेवून नकाशात डोकं घालून उभी राहू नकोस. पत्ता कागदावर लिहून ठेव, तिथल्या भाषेतही, कारण बॅटरी नको तेव्हाच संपते. शहराचा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेव. सामान इतकंच घे की दोन जिने एका दमात चढता येतील आणि एक हात मोकळा राहील. बाहेरचं काहीच धड वाटलं नाही तर प्रतीक्षागृहात उजाडेपर्यंत बसून राहण्यात काही कमीपणा नाही.

टॅक्सीत बसण्याआधी नंबरप्लेट ताडून बघ. “अमक्यासाठीच का?” म्हणून आपलं नाव आपणच पुरवू नकोस, “कुणाच्या नावावर बुकिंग आहे?” असं विचार आणि त्याला सांगू दे. मागच्या दाराला चाइल्ड लॉक नाही ना, हे बसताना आतून एकदा उघडून कळतं. प्रवासाची लिंक कुणाला तरी पाठव आणि पाठवल्याचं चालकाला ऐकू जाईल असं फोनवर बोल. रस्ता बदलला तर लगेच विचार. उत्तर पटलं नाही तर माणसं दिसतील तिथे गाडी थांबवून उतर. पैसे बुडाले तर बुडाले.

फोनमधल्या सोयी आपण विकत घेतो आणि वापरत नाही. आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पाच वेळा पटापट दाबलं की आपत्कालीन कॉल लागू शकतो. आपल्या फोनवर ती सोय सुरू आहे का, कशी चालते, हे घरी बसून बघ. संकटात मेनू शोधता येत नाही. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त 8 तास जातं, मग ते बंद होतं, हे घरच्यांनाही सांग, नाहीतर ठिपका हलेना म्हणून तिकडे रडारड. 112 हा नंबर पुष्कळ देशांत चालतो, पण तिथला स्थानिक नंबरही पाठ कर.

गर्दीच्या डब्यात कुणी अंगचटीला आलं तर काय? आपण आधी स्वतःलाच समजावतो की धक्का लागला असेल. दुसऱ्यांदा झालं की तो धक्का नसतो. नुसतं ओरडण्यापेक्षा त्याला सगळ्यांसमोर ओळखता येईल असं बोल : “निळा शर्ट, हात काढा.” तसंच मदत मागताना “कुणीतरी वाचवा” म्हणू नकोस, एकाला धर : “काकू, मला तुमच्याजवळ उभं राहू द्या.” जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्येच प्रयोगातून दाखवलं होतं की बघे जास्त असले की जबाबदारी सगळ्यांत विभागली जाते आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. त्यामुळे लोक मदत करतच नाहीत असा समज पसरला. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमस्टरडॅम, केप टाउन आणि लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक माणूस तरी मध्ये पडला होता. म्हणजे हाक मारण्यात अर्थ आहे.

आणि त्या क्षणी तोंडून आवाजच फुटला नाही, अंग थिजलं, तर तो तुझा दोष नाही. भीतीने शरीर असं वागतं, चांगल्या धडधाकट माणसांचंही. म्हणूनच एकदोन वाक्यं घरी मोठ्याने म्हणून बघ. वेड्यासारखं वाटेल, तरी म्हण.

कुणी पाठलाग करतोय असं वाटलं तर मुक्कामाकडे अजिबात वळू नकोस. रस्ता ओलांड; तोही ओलांडतोय का बघ. मग जिथे माणसं कामावर आहेत अशा जागी शीर : औषधाचं दुकान, हॉटेलची लॉबी, पेट्रोल पंप. निर्जन स्थानकावर उतरण्यापेक्षा पुढच्या गजबजलेल्या स्थानकापर्यंत बसून राहा.

खोलीबद्दल थोडंच : स्वागतकक्षात कुणी तुझ्या खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला तर दुसरी खोली माग. “हाउसकीपिंग” म्हणून दार वाजलं आणि तू कुणाला बोलावलं नसशील तर दार न उघडता खाली फोन कर. दाराखाली सरकवायची रबरी पाचर चांगली, पण दार आत उघडत असेल तरच तिचा उपयोग.

चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र सावध राहा, कारण तोपर्यंत शहर ओळखीचं वाटायला लागतं आणि माणसंही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात साधारण तीनपैकी एका बाईला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते, आणि त्यात बहुतेक वेळा हात जोडीदाराचाच असतो. अनोळखी गल्लीला घाबरणाऱ्या आपण ओळखीच्या आग्रहाला मात्र मान तुकवतो. पेयाचा ग्लास सोडून गेलीस तर परत आल्यावर नवा घे. प्यायलीस त्या मानाने अचानक फारच गरगरलं तर तिथल्या कर्मचाऱ्याला सांग. “मी सोडतो” म्हणणाऱ्याबरोबर निघू नकोस.

हे लिहायला कुणाला आवडत नाही, पण माहीत असावं : अत्याचार झालाच तर एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भधारणा टाळण्याची गोळीही लवकर घेतली तरच जास्त काम करते. गुंगीची काही द्रव्यं लघवीतून जेमतेम 12 तास सापडतात. म्हणून तक्रार करायची की नाही हे नंतर ठरव, दवाखान्यात आधी जा.

घरच्यांना “काळजी करू नका” सांगून उपयोग नसतो. त्यांना करायला काहीतरी काम दे. रोज अमुक वाजता मेसेज येईल. नाही आला तर अर्धा तास थांबायचं, मग तुला फोन, मग हॉटेलला, मग ऑफिसातल्या व्यक्तीला. हे नंबर त्यांच्याकडे लिहून दे. एखादं साधं वाक्यही ठरवून ठेव, उदाहरणार्थ “औषध घेतलं का?”, जे तू फोनवर बोललीस की त्यांना कळेल, तुला मोकळेपणाने बोलता येत नाहीये. आणि आजच एक फोन कर : हॉटेलचं मुख्य दार रात्री किती वाजता बंद होतं ते विचार. लहान ठिकाणी ते बंद करून झोपतात, आणि तुझी गाडी उशिरा येऊ शकते.