अँटिबायोटिकचा कोर्स संपला आणि आता अंगावरून दह्यासारखं पांढरं जातंय, खाजही खूप आहे, काय करू?
लक्षणांवरून यीस्ट इन्फेक्शन, म्हणजे बुरशीचा संसर्ग वाटतोय, एकदा डॉक्टरांना दाखवून क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी घ्या, बहुतेक आठवड्याभरात बरं होतं. अँटिबायोटिकने तिथले चांगले जंतूपण मरतात आणि कॅन्डिडा नावाची बुरशी जी एरवी गप्प असते ती वाढते, म्हणजे यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही, उगाच लाजू नका आणि आतून साबणाने तर अजिबात धुऊ नका, त्याने आग वाढते. मेडिकलवाला खाजेसाठी स्टेरॉइडची मिक्स ट्यूब देईल, ती नको, खाज दबते पण बुरशी तशीच राहते. फक्त प्रेग्नंट असाल तर याच बुरशीवरची फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची पोटात घ्यायची गोळी स्वतःहून घेऊ नका.