गाडलेला कार्बन डायऑक्साइड आवाजाने दिसतो, पण मोजता येतो का?

जमिनीखाली सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच राहिला हे ध्वनिलहरींवरून खात्रीने कळतं का, असं तुम्ही विचारलंय. सायस्मिक डेटावर, म्हणजे जमिनीखालून परतणाऱ्या ध्वनिलहरींच्या नोंदींवर, बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. तो कुठे आहे हे आवाज उत्तम सांगतो. किती आहे, याबाबत मात्र जपून.

उत्तर समुद्रातलं नॉर्वेचं स्लाइपनर क्षेत्र घ्या. तिथल्या नैसर्गिक वायूत जवळपास ९ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. हवेत सोडला तर कर पडतो, म्हणून १९९६ पासून तो वेगळा काढून समुद्रतळाखाली ८०० मीटरहून खोल, उत्सिरा वालुकाश्मात सोडू लागले. सुरुवातीची अनेक वर्षं दरसाल सुमारे दहा लाख टन. मोलाची गोष्ट ही, की तिथला सायस्मिक सर्वे वायू सोडण्याआधी, १९९४ मध्येच झालेला होता. पुढे १९९९ पासून ठरावीक वर्षांनी जहाजं तिथे पुन्हा गेली, एअरगनने (दाबलेली हवा झटक्यात सोडणाऱ्या यंत्राने) आवाज केला, प्रतिध्वनी नोंदवले. नव्या चित्रातून जुनं वजा केलं की उरतो तो बदल.

बदल दिसतो, कारण वाळूच्या छिद्रांतलं खारं पाणी सहज दाबलं जात नाही, कार्बन डायऑक्साइड दाबला जातो. पाण्याची जागा त्याने घेतली की लहरींचा वेग सेकंदाला सुमारे २००० मीटरवरून १५०० च्याही खाली येतो. प्रतिध्वनी ठळक होतो, आणि खालचे थर उशिरा उत्तर देतात म्हणून खचल्यासारखे दिसतात. स्लाइपनरला असे नऊ थर दिसले. जेमतेम मीटरभर जाडीच्या चिखलखडकांनी वर चढणारा वायू जागोजागी अडवून पसरवला होता. केवळ विहिरीच्या नोंदींवरून हे चित्र कधीच मिळालं नसतं.

आता अडचण. वायू पाण्यात एकजीव मिसळलेला असेल, तर वेग पहिल्या थोड्याशा वायूनेच घसरतो. पुढे आणखी भरला तरी फारसा फरक पडत नाही. त्यामुळे छिद्रांत २० टक्के वायू असो की ८० टक्के, दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. पाण्यात विरघळलेला तर दिसतच नाही. म्हणूनच स्लाइपनरला २००२ पासून समुद्रतळावर गुरुत्वाकर्षणाचीही मोजणी झाली, कारण ते खालच्या वस्तुमानानुसार बदलतं. निव्वळ सायस्मिकवरून कुणी टनांचा नेमका आकडा दिला, तर त्यामागची गृहीतकं जरूर विचारा.

दख्खनच्या बसाल्टमध्ये हे जमेल का, असा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. बसाल्टचे एकावर एक थर लहरी विखुरतात, खालचं चित्र गढूळ होतं. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने वायू पाण्यात विरघळवूनच बसाल्टमध्ये सोडला आणि त्याचा माग ट्रेसर रसायनांनी (खूण म्हणून सोबत मिसळलेल्या), विहिरींतल्या पाण्याचे नमुने तपासून काढला. आपल्या बसाल्टसाठीही मला तोच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.