माझाच विश्वास डळमळतो, मी कुणाला काय आधार देणार?

‘मलाच कधीकधी प्रार्थना कोरडी वाटते, आणि बाया माझ्याकडं आधाराला यायलेत. हे ढोंग नव्हं का ओ मॅडम?’

मी समुपदेशक, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे येतो. माळकऱ्यांनी विचारलाय, नमाजी माणसानं विचारलाय. इथे सांगतेय ती हकीकत सोलापुरातल्या एका ख्रिस्ती बाईंची आहे. त्यांच्या संमतीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बाई गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंगच्या टेबलावर देखरेख करतात. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण शाळांचे गणवेशही इथून लांबलांब जातात, आणि शाळा उघडण्याआधीचे दोन महिने या कारखान्यांत जेवायला सवड नसते. टेबलाभोवती तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका, लिंगायत, मुसलमान, सगळ्या. बाईंचं घर जुनं ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं. पण धर्म म्हणजे रविवारची उपासना आणि नाताळच्या करंज्या, एवढंच. कोविडात भाऊ गेला आणि त्या पहाटे उठून शास्त्र वाचायला लागल्या, चर्चच्या मंडळीतल्या प्रार्थना सभेला जायला लागल्या. कापड चुकीचं कापलं की हातातली पट्टी आपटणारी बाई ‘बरं, आता पुढचं बघू’ म्हणायला लागली. बायकांनी ते बघितलं. आधी एकीनं नवऱ्याच्या दारूचं सांगितलं, मग दुसरीनं सासूचं. मग फोन सुरू झाले.

माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची झोप चार तासांवर आली होती. समुपदेशकानं अशा वेळी आधी शरीराचं विचारावं, विश्वासाचं नंतर. भूक, झोप, सलग दोन आठवडे मन खिन्न आहे का, कशातच गोडी वाटत नाही का, हे सगळं विचारलं. नैराश्य म्हणावं असं काही दिसलं नाही. थकवा होता, आणि त्या थकव्यालाच त्या ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणत होत्या.

मी ख्रिस्ती नाही. त्यामुळे ठरवलं की त्यांच्या शास्त्रातलं त्यांनीच मला सांगायचं. शास्त्रातलं दमलेलं माणूस कोण, असं विचारल्यावर एलीया संदेष्ट्याची गोष्ट निघाली. तो झुडपाखाली पडून ‘आता मला मरण दे’ म्हणाला. मग देवदूतानं काय केलं? बाई हसल्या. ‘उठून भाकर खा म्हणाला. परत झोपू दिलं. परत भाकर.’ उपदेश त्यानंतर कितीतरी वेळानं आला. बाईंनी त्या आठवड्यापासून रात्री नऊनंतर फोन बंद ठेवायचं कबूल केलं, कुरकुरत का होईना.

ढोंगाचा प्रश्न मात्र झोपेनं सुटणारा नव्हता. त्यावर त्यांनीच येशूच्या शिष्याचं, पेत्राचं आणलं. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू त्याला सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केलीय, आणि तू वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. हे पेत्रानं येशूची ओळख तीन वेळा नाकारण्याच्या आधी सांगितलंय. म्हणजे तो घसरणार हे ठाऊक असूनच त्याला दुसऱ्यांना सावरायचं काम दिलं. ‘घसरलेल्याला घसरण कळते म्हणून असंल,’ बाई म्हणाल्या. मी त्यात काही भर घातली नाही.

मी त्यांना फक्त पंडिता रमाबाईंची आठवण दिली. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, विधवांसाठी शारदा सदन त्यांनी मुंबईत 1889 मध्ये काढलं. आणि येशू आपल्याला खऱ्या अर्थानं सापडला तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असं पुढे त्यांनीच लिहिलंय. मधल्या काळात ज्या मुलींना घर मिळालं, त्यांच्या वाट्याला काही कमी आधार आला असेल, असं मला वाटत नाही. दुष्काळातल्या बायकांना त्यांनी केडगावला आणलं ते त्याच्याही नंतर. विश्वास आधी पुरता पिकावा आणि मग दुसऱ्याला द्यावा, हा क्रम आपण बाहेरून लावतो.

आता जरा अवघड भाग. एका रात्री शिलाईतल्या एका मुलीनं बाईंना फोनवर सांगितलं, जगावंसं वाटत नाही. बाईंनी दोन वाजेपर्यंत प्रार्थना केली आणि ‘मन हलकं झालं का गं’ विचारून फोन ठेवला. कुणाला सांगितलं नाही, कारण गुपित राखायचं वचन दिलं होतं. मुलगी सुखरूप आहे. पण चर्च, भजनी मंडळ, दर्ग्यातली ओळख, जिथे जिथे लोक मन मोकळं करतात, तिथल्या आधार देणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. असं कुणी म्हणालं तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटं सोडू नका. असं गुपित राखायचं नसतं; घरातलं एक भरवशाचं माणूस सोबत घ्या. 14416 ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. धोका जवळचा वाटला तर थेट सिव्हिल हॉस्पिटलला न्या. प्रार्थना रिक्षात बसूनही करता येते. आणि मनोविकारतज्ज्ञानं दिलेल्या गोळ्या ‘आता देवावर टाक’ म्हणून कुणी बंद करायला सांगू नयेत. हे सांगणारे मला सगळ्या धर्मांत भेटलेत, आणि त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

पुढच्या भेटीत बाई त्या मुलीला घेऊन आल्या. स्वतः बाहेरच्या बाकावर बसल्या. मुलीला मी डॉक्टरांकडे पाठवलं, उपचार चालू आहेत. आत मी तिला विचारलं होतं की बाईंचं कोणतं बोलणं उपयोगी पडलं. तिला एकही वाक्य आठवेना. म्हणाली, ‘बाई रोज डबा खाताना माझ्याशेजारीच बसतात. भाऊ गेला तेव्हा किती रडल्या ते सांगतात. अजून रडतात म्हणे.’ बाई जे लपवावं म्हणत होत्या, त्याच्याच आधारानं मुलगी उभी होती. हे मी मुलीच्या परवानगीनं बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत बसल्या.

मुलीच्या सासूला मात्र वेगळीच शंका. बाई सुनेला बाटवायला निघाल्यात का? हल्लीच्या वातावरणात हा प्रश्न येणारच, त्यावर चिडून उपयोग नाही. बाईंनी दोन गोष्टी पाळायचं ठरवलं: समोरच्यानं मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही, आणि मदतीला कसलीही अट जोडायची नाही. मग घरी जाऊन सासूलाच सांगितलं, ‘तुमची सून, तुमचा मल्लिकार्जुन. मी डॉक्टरकडं न्यायला सोबत येते तेवढं.’ सासू पूर्ण निवळलेली नाही, पण गोळ्यांची वेळ आता तीच लक्षात ठेवते.

एकमेकांची ओझी वाहा, असं बायबलातल्या गलतीकरांस पत्रात आहे. तीनच वचनांनंतर प्रत्येकानं आपला भार आपण वाहावा, असंही आहे. बाईंना पहिलं पाठ होतं, दुसरं त्या वाचून पुढे जात. दारुड्या नवऱ्याचं कर्ज फेडायला एकीला दिलेले पैसे हा त्यातलाच प्रकार. आता त्या तिच्याबरोबर व्यसनमुक्तीच्या बैठकीला जातात, पैसे देत नाहीत. आलेले फोनही त्यांनी प्रार्थना सभेतल्या तिघींत वाटून घेतलेत, आणि स्वतःच्या कोरड्या दिवसांबद्दल चर्चच्या पाळकांशी बोलल्यात. पाळक म्हणाले, मलाही असे दिवस येतात.

शंका गेलेल्या नाहीत. नऊनंतर फोन लागत नाही म्हणून सभेतली एक जुनी मैत्रीण मात्र रुसलीय, ‘मोठी झाली आता’ असं चारचौघांत म्हणते. बाईंना ते फार लागलंय. पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं ठरलंय.