थेंबात आलेला क्रिस्टल प्रोटीनचा की मिठाचा (म्हणजे कुठल्याही क्षाराचा), हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. प्रोटीन फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) आणि विहिरीत, म्हणजे थेंबाखालच्या प्लेटच्या खळग्यात, पीईजीसोबत (प्रोटीनला द्रावणातून बाहेर ढकलणाऱ्या पॉलिमरसोबत) 0.2 मोलर कॅल्शियम क्लोराइड, असं तुम्ही लिहिलंय. फॉस्फेट आणि कॅल्शियम एका थेंबात भेटले की कॅल्शियम फॉस्फेट होणारच, त्यामुळे माझा पहिला संशय त्यावर. मॅग्नेशियम आणि झिंकही फॉस्फेटबरोबर हाच खेळ करतात. पुढच्या वेळी प्रोटीन हेपीस किंवा ट्रिस बफरमध्ये बदलून घ्या, फॉस्फेट काढूनच टाका.

सूक्ष्मदर्शकाआधी कंट्रोल थेंब बघा. तीच विहीर, तेच प्रमाण, फक्त प्रोटीनऐवजी त्याचाच बफर. तिथेही तसेच क्रिस्टल आले तर ते मिठाचे. लावला नसेल तर आजच लावा, खर्च दोन मायक्रोलिटर. कंट्रोल कोरा राहिला म्हणून लगेच पेढे वाटू नका, कारण कधीकधी प्रोटीनच मिठाचे क्रिस्टल सुरू करून देतं.

सांगलीच्या एप्रिलमध्ये प्लेट खोलीत उघड्या शेल्फवर असेल तर आणखी एक शंका. गरमीत विहीर बंद करणारं ग्रीस सैल पडतं, थेंब धरणारी काच (कव्हर स्लिप) एका बाजूला उचलते, थेंब सुकतो आणि मीठ खाली बसतं. विहिरीतलं पाणी कमी झालंय का बघा. प्लेट 18 ते 20 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवा आणि द्रावणं डीआयोनाइज्ड पाण्यातच करा, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आयतंच असतं.

आता क्रिस्टल न मोडता करायची चाचणी. दोन पोलरायझर (प्रकाशाची एकच दिशा जाऊ देणाऱ्या काचा) आडवे-उभे करून बघितलं तर बहुतेक मिठं भडक रंगांनी चमकतात, प्रोटीन फिकट. पण घनाकृती जाळीचा क्रिस्टल, मग तो मिठाचा असो की प्रोटीनचा, काळाच राहतो. डोळा बसवायला खडीसाखरेचा खडा आणि जाड मीठ शेजारी ठेवा, साखर उजळेल, मीठ नाही. प्लॅस्टिकची प्लेट स्वतःच रंग दाखवते, त्यामुळे ही तपासणी काचेवर करा, आणि झटपट, कारण उघडा थेंब काही मिनिटांत आटतो.

मग रंग. 0.1 टक्का मिथिलीन ब्लू विहिरीच्याच द्रावणात करा, साध्या पाण्यात केलं तर क्रिस्टल विरघळू शकतो. 2 मायक्रोलिटरच्या थेंबाला 0.3 मायक्रोलिटर, आणि तासभर थांबा. प्रोटीन क्रिस्टलमध्ये सरासरी निम्मं द्रावणच असतं, त्या वाटांतून रंग आत शिरतो आणि क्रिस्टल भोवतालच्या द्रावणापेक्षा गडद निळा होतो. मिठाला अशा वाटा नसतात. जास्त क्षार असलेल्या थेंबात रंगाचेच निळे काटे पडतात, त्यांना यश समजू नका.

असे बरेच क्रिस्टल असतील तरच एकाला बारीक सुईने दाबा. प्रोटीनचा ओल्या खडूसारखा सहज चुरतो. मिठाचा खडा सुईखालून निसटतो, किंवा जोर लावल्यावर कट्‌कन फुटतो.

यूव्ही सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लामुळे प्रोटीन 350 नॅनोमीटरच्या आसपास चमकतं. पण आधी तुमच्या प्रोटीनच्या क्रमात ट्रिप्टोफॅन आहे का ते मोजा, आणि नेहमीची पॉलिस्टायरिन प्लेट ही चमक उठवणारे यूव्ही किरण अडवते हे लक्षात ठेवा.

क्रिस्टल विरघळवून जेल (प्रोटीन आकारानुसार वेगळी करणारी चाचणी) करायचं असेल तर हिशोब असा: 0.1 मिलिमीटर बाजूच्या घनात साधारण 0.6 मायक्रोग्रॅम प्रोटीन. जेलमधलं प्रोटीन रंगवणाऱ्या कूमासीला एवढं पुरतं, तरी चार-पाच क्रिस्टल घ्या. विहिरीच्या ताज्या द्रावणात तीनदा धुवा, शेवटचं धुवण जेलच्या वेगळ्या लेनमध्ये (पट्ट्यात) चालवा, नाहीतर बाहेर चिकटलेलं प्रोटीनच दिसेल. विहिरीत पोटॅशियम असेल तर जेलमधलं एसडीएस हे डिटर्जंट पांढरं साकळतं, तेही टाळा.

अखेरचा निकाल एक्स-रेचाच. मिठाच्या चित्रात मोजके, ठळक ठिपके, तेही मध्यापासून दूर, मध्याजवळ, म्हणजे 10 अँगस्ट्रॉमपेक्षा मोठ्या अंतरांच्या भागात, जवळजवळ कोरं. प्रोटीनचे ठिपके मधल्या बीमस्टॉपच्या (थेट किरण अडवणाऱ्या तुकड्याच्या) शेजारूनच दाटीवाटीने सुरू होतात. इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) प्रोटीनसाठी पीएक्स-बीएल21 ही बीमलाइन, म्हणजे एक्स-रेचं प्रयोगस्थान, आहे, पण तिथे न्यायच्या आधी हा कंट्रोल आणि रंग दोन्ही उरकून घ्या.